रुग्णाच्या वेळेचे मोल कोण जाणणार?

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आईला घेऊन मी शहरातील एका नामांकित डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो होतो. भेटीची वेळ सकाळी साडेदहाची, तीही आठ दिवस आधी दूरध्वनीवरून ठरलेली. आम्ही सव्वादहालाच पोचलो. शेजारच्या गृहस्थांशी सहज बोलणे झाले, तेव्हा कळले की त्यांनाही साडेदहाचीच वेळ दिलेली आहे. समोरच्या बाकावरील भगिनींनाही तीच. डॉक्टर साडेअकराला आले. त्यानंतर औषध कंपन्यांचे दोन-तीन प्रतिनिधी बॅगा सावरीत आत जाऊन आले. मग कोणी 'फक्त रिपोर्ट दाखवायचाय, दोनच मिनिटे' म्हणत आत शिरले, कोणासाठी आतूनच बोलावणे आले. आमचा नंबर लागला तेव्हा घड्याळात पावणेदोन वाजले होते. आत पाच मिनिटे. रक्तदाब पाहिला, साखरेचा अहवाल चाळला, जुन्या गोळ्या चालू ठेवून एक नवी लिहिली आणि आम्ही बाहेर पडलो.

तीन आठवड्यांनी आईला मध्यरात्री रुग्णालयात हलवावे लागले. हृदय थकले होते आणि फुफ्फुसांत पाणी साचले होते. तेथील तरुण डॉक्टरांनी विचारले, "आजी, आडवं झाल्यावर धाप कधीपासून लागते?" आई म्हणाली, "झाला असेल दीड महिना. दोन उशा घेऊन झोपत होते." मी चकितच झालो. दोन दिवसांनी तिला बरे वाटू लागल्यावर मी विचारले, "मग त्या दिवशी डॉक्टरांना का नाही सांगितलंस?" तिचे उत्तर मी विसरू शकलेलो नाही. "अरे, बाहेर केवढी माणसं खोळंबली होती! आपणच किती वेळ खायचा त्यांचा?"

आई त्यातून बरी झाली, ही ईश्वरकृपा. परंतु तिच्या त्या एका वाक्याने मला विचार करायला भाग पाडले. दवाखान्यातील ताटकळणे ही केवळ गैरसोय आहे, असे आपण आजवर मानत आलो. पंखा संथ असतो, खुर्ची टोचते, मासिके जुनी असतात, एवढीच आपली तक्रार. पण साडेतीन तासांच्या खोळंब्याने माझ्या आईचे तोंडच बंद केले होते. आत जाईपर्यंत ती इतकी शिणली आणि बाहेरच्या गर्दीपुढे इतकी ओशाळली, की जे सांगण्यासाठी ती गेली होती तेच सांगायचे राहून गेले. प्रतीक्षेचा प्रश्न आता सोयीचा राहिलेला नाही, तो उपचाराचाच एक भाग झाला आहे.

चरकांनी सांगितलेला चौथा पाय

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रुग्ण. रुग्णाला तेथे केवळ उपचार घेणारा मुका जीव मानलेले नाही, तर चिकित्सेचा आधारस्तंभ मानले आहे. त्याच्या अंगी जे चार गुण असावेत असे चरक सांगतात, त्यांत स्मृती, सूचनांचे पालन आणि निर्भयता यांच्याबरोबर 'ज्ञापकत्व' हाही एक गुण आहे. ज्ञापकत्व म्हणजे आपल्या व्यथेची नीट माहिती देता येणे. आता क्षणभर विचार करावा. तीन-चार तास अवघडून बसलेल्या, सकाळपासून धड खाल्लेले नसलेल्या, आत गेल्यावर दारातल्या मदतनिसाची 'चला, पुढचे' ही हाक कानावर येत असलेल्या वृद्धापाशी स्मृती कोठून राहणार? निर्भयता कशी राहणार? आणि ज्ञापकत्व तरी कोठले? चार पायांपैकी एक पाय आपण बाहेरच्या बाकावरच मोडून ठेवतो आणि उरलेल्या तीन पायांवर चिकित्सा उभी राहावी अशी अपेक्षा करतो.

आत मिळणाऱ्या वेळेची कथाही वेगळी नाही. २०१७ साली 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात ६७ देशांतील प्राथमिक सल्ल्याच्या वेळांचा आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये एका भेटीची सरासरी वेळ साडेबावीस मिनिटे, तर बांगलादेशात अवघे ४८ सेकंद, असे त्यात आढळले. जगाची सुमारे निम्मी लोकसंख्या अशा देशांत राहते, जेथे डॉक्टर सरासरी पाच मिनिटे किंवा त्याहूनही कमी वेळ देतात. आपला देश त्याच गटात मोडतो. बाहेर तासांचा हिशेब आणि आत मिनिटांचा, हे विषम प्रमाण आपण निमूटपणे स्वीकारले आहे.

डॉक्टरांची बाजू

येथे डॉक्टरांवर आगपाखड करून मोकळे होणे सोपे आहे. ते न्याय्य मात्र नाही. सकाळच्या शस्त्रक्रियेत अनपेक्षित गुंतागुंत उद्भवली, अतिदक्षता विभागातून तातडीचे बोलावणे आले, तर बाह्यरुग्णांना थांबावेच लागणार. उद्या आपल्यावर तशी वेळ आली तर डॉक्टरांनी सारे सोडून धावत यावे, अशीच आपली इच्छा असेल. शिवाय सरकारी रुग्णालयातील निवासी डॉक्टरासमोरची रांग त्याने निर्माण केलेली नाही. खेड्यात आणि तालुक्याला जे व्हायला हवे ते न झाल्याने माणसे मोठ्या शहराकडे लोटली जातात. भोर समितीने १९४६ सालच्या अहवालात गावपातळीवरील प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून वर चढत जाणारी रचना सुचविली होती. ती रचना पुरेशा माणसांनिशी उभी राहिली असती, तर साध्या तापासाठी कोणी जिल्ह्याच्या गावी पहाटेपासून नंबर लावला नसता.

गणितही डॉक्टरांच्या बाजूने साक्ष देते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या कॉलसंबंधी जे संशोधन मांडले, त्यातून रांगांचे शास्त्र जन्मास आले. त्या शास्त्रातील एक साधा निष्कर्ष पाहा. माणसे आगेमागे, अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येकाला कमी-अधिक वेळ लागत असेल, तर डॉक्टर जितके अधिक 'भरलेले' तितकी प्रतीक्षा वाढते, आणि ती सरळ प्रमाणात वाढत नाही. सरासरी दहा मिनिटांची तपासणी धरली, तर डॉक्टरांचा ८० टक्के वेळ व्यापलेला असताना सरासरी ४० मिनिटे थांबावे लागते. ९० टक्के व्यापला की ९० मिनिटे, आणि ९५ टक्क्यांवर तीन तासांहून अधिक. शेवटचे चार-पाच रुग्ण जास्तीचे घेतल्याने साऱ्यांचीच प्रतीक्षा कशी फुगते, ते यावरून कळावे.

म्हणजे काही प्रतीक्षा अटळ आहे. ती कोणी नाकारीत नाही. परंतु जी प्रतीक्षा टाळता येते आणि तरी टाळली जात नाही, तिचे काय? साडेदहाची वेळ सात जणांना देणे ही आणीबाणी नव्हे, ती पद्धत आहे. या पद्धतीमागे एक गृहीतक दडलेले आहे : डॉक्टरांचा एकही क्षण रिकामा जाता कामा नये, रुग्णाचा दिवस गेला तरी चालेल. १९५२ साली नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने 'लॅन्सेट'मधील लेखात याच गृहीतकावर बोट ठेवले होते. त्याने सुचविलेला उपाय अगदी सोपा आहे. आरंभी दोन रुग्णांना बोलवावे आणि पुढे सरासरी तपासणीला जितका वेळ लागतो तितक्या अंतराने एकेकाला वेळ द्यावी. डॉक्टरांचा थोडासा वेळ अधूनमधून रिकामा जाईल, पण रुग्णांचे कित्येक तास वाचतील. या गोष्टीला सात दशके उलटून गेली. आपल्याकडे मात्र 'सकाळी या आणि नंबर लावा' यापलीकडे बहुसंख्य दवाखाने सरकलेले नाहीत.

वेळ हीसुद्धा फी आहे

एक साधा हिशेब मांडू. चाळीस रुग्णांचे डॉक्टर एक तास उशिरा आले, तर चाळीस तास वाया गेले. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर पाच माणसांचे पूर्ण दिवस. प्रत्येकासोबत एक नातेवाईक असेल तर दहा माणसांचे. हा खर्च कोणाच्याही पावतीवर लिहिला जात नाही, पण तो कोणीतरी भरतोच. निवृत्तिवेतनधारकाचा त्यात केवळ वेळ जातो. रोजंदारीवरील मजुराची मात्र त्या दिवशीची चूल जाते. घरकाम करणाऱ्या भगिनीचे खाडे होतात. म्हणूनच वेळेची ही फी सर्वांना सारखी आकारली जात असली, तरी ती गरिबाला अधिक महाग पडते.

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार नि:शुल्क केले. केसपेपरचे पैसेही माफ झाले. निर्णय स्तुत्य आहे, परंतु पैशांची फी माफ झाली तरी वेळेची फी उरलीच आहे. ऑक्टोबर २०२२ पासून आयुष्मान भारत डिजिटल अभियानाखाली भ्रमणध्वनीवरून क्यूआर संकेत टिपून बाह्यरुग्ण नोंदणी करण्याची सोय सुरू झाली. तीमुळे नोंदणी खिडकीपुढची रांग कमी होते. पण डॉक्टरांच्या दारापुढची रांग त्याने कमी होत नाही, आणि ज्या आजोबांच्या हाती साधाच फोन आहे, त्यांच्यासाठी खिडकीवर माणूस ठेवावाच लागतो. यंत्र हे साधन आहे. रुग्णाची कदर करायची की नाही, हे ठरवायचे असते ते माणसानेच.

प्रतीक्षेचे शारीरिक दुष्परिणामही थोडे नाहीत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेल्या माणसाची जेवणाची वेळ टळली तर साखर एकदम खाली येऊन घेरी येऊ शकते. कोंदट खोलीत खोकणारा क्षयरोगी आणि गोवरातले मूल यांच्या शेजारी तासन्‌तास बसलेली माणसे घरी जाताना नवा रोग घेऊन जाऊ शकतात. २०२०च्या महामारीत आपण अंतर ठेवून, मोकळ्या हवेत, ठरल्या वेळी येण्याची शिस्त शिकलो होतो. संकट सरले आणि शिस्तही सरली. बाके पुन्हा गच्च भरली.

रांगेतील समता

याहून गंभीर आहे तो रांगेतील अन्याय. डेव्हिड माइस्टर या अभ्यासकाने १९८५ साली प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. किती वेळ थांबायचे ते ठाऊक नसलेली, कारण न सांगितलेली आणि अन्याय्य वाटणारी प्रतीक्षा माणसाला आहे त्याहून लांब वाटते, हे त्याचे प्रतिपादन. आपल्या दवाखान्यांत ही तिन्ही लक्षणे एकत्र नांदतात. 'डॉक्टर किती वाजता येतील?' या प्रश्नाला 'येतीलच इतक्यात' हे ठरलेले उत्तर. आणि मग वशिल्याने आत जाणारे. नगरसेवकाची चिठ्ठी, ओळखीच्या डॉक्टरांचा फोन, 'साहेबांचे पाहुणे'. रांगेत ताटकळलेला सामान्य माणूस हे सारे पाहत असतो. आपण समरसतेच्या गोष्टी व्यासपीठावरून पुष्कळ बोलतो. पण समरसतेची खरी परीक्षा अशा बाकावर होते. तेथे शेटजी आणि हमाल शेजारी शेजारी बसतात, आणि ज्याचा नंबर आधी तोच आधी आत जातो, एवढे जरी आपण पाळले तरी ते मोठे समाजकार्य होईल.

रुग्णालयांत डॉक्टरांवर होणाऱ्या हल्ल्यांचे वृत्त आपण वाचतो. ते हल्ले सर्वथा निंद्य आहेत. त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे आणि तो कठोरपणे राबविला गेला पाहिजे. पण कायदा हात रोखतो, मनातील कडवटपणा धुऊन काढत नाही. तो कडवटपणा पुष्कळदा प्रतीक्षालयातच साठत जातो. कारण सांगितले, आदराने बोलले, तर माणसे चार तासही शांतपणे थांबतात, हा आपल्या समाजाचा स्वभाव आहे.

उपाय आपल्याच हाती

वैद्यकीय व्यवसायाच्या आचारनियमांत, म्हणजे २००२ साली अधिसूचित झालेल्या नियमावलीत, सल्लामसलतीसाठी उपलब्ध होताना काटेकोर वक्तशीरपणा पाळावा असे स्पष्ट म्हटलेले आहे. ते कलम डॉक्टरांनी परस्परांशी करायच्या सल्लामसलतीच्या प्रकरणात येते, हे खरे. २०२३ साली त्या जागी नवे नियम आणले गेले, पण लगेच स्थगितही झाले, त्यामुळे २००२ चीच नियमावली चालू आहे. माझे म्हणणे इतकेच, की एका डॉक्टराने दुसऱ्या डॉक्टरासाठी जो वक्तशीरपणा पाळायचा, तो रुग्णासाठी का पाळू नये?

त्यासाठी फार खर्च करावा लागत नाही. भेटीची वेळ एकालाच द्यावी, आणि तिच्यात अधूनमधून मोकळी जागा ठेवावी, म्हणजे तातडीचा रुग्ण आला तरी घडी विस्कटणार नाही. डॉक्टरांना उशीर होणार असेल तर मदतनिसाने रुग्णांना फोन करावा. सर्वांकडे फोन आहेत, इच्छा हवी. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी रुग्ण नसतानाची वेळ राखावी. केवळ अहवाल दाखविणाऱ्यांसाठी दिवसातील अर्धा तास वेगळा ठेवावा. कोणाला प्राधान्य मिळेल ते दर्शनी फलकावर मराठीत लिहावे : उपाशीपोटी आलेले, गर्भवती, अतिवृद्ध, ताप किंवा सतत खोकला असलेले. नियम सर्वांसमोर असला म्हणजे अपवादाचा राग येत नाही. पिण्याचे पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह आणि वृद्धांना धरून उठता येईल अशा हाताच्या खुर्च्या, या गोष्टींना तर निमित्तच नको.

रुग्ण म्हणून आपलीही काही कर्तव्ये आहेत. ठरल्या वेळी जमणार नसेल तर आधी कळवावे. दवाखान्यात शिरण्यासाठी वशिला शोधू नये, आणि आपण कोणाचा वशिला होऊ नये. सांगायच्या गोष्टी घरीच कागदावर लिहून न्याव्यात, आणि जी सर्वांत अधिक त्रास देते ती पहिल्याने सांगावी. वृद्धांच्या बाबतीत हे काम मुलांचे, सुनांचे, नातवंडांचे आहे. मी पत्रकार. आयुष्यभर इतरांना प्रश्न विचारले. आदल्या रात्री आईला एक प्रश्न विचारावा, हे मला सुचले नाही. त्या दिवशीच्या चुकीत माझा वाटा मला नाकारता येणार नाही.

आणि समाजाचे काय? रुग्णसेवेची थोर परंपरा आपल्याकडे आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून येणाऱ्या कर्करुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आसरा दिला. त्याच परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या आप्तांना हक्काचे घर वाटते. रुग्णाचा मुक्काम सुसह्य करणारा समाज रुग्णाची प्रतीक्षाही सुसह्य करू शकतो. प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात चार-पाच निवृत्त माणसे रोज दोन-दोन तास उभी राहिली, कोणती खिडकी कोठे ते दाखविले, अडाणी माणसाचा केसपेपर भरून दिला, ताटकळलेल्या म्हातारीला पाणी दिले आणि 'आजी, डॉक्टरांना काय काय सांगायचं आहे?' असे विचारून चार ओळी लिहून दिल्या, तर केवढे काम होईल! त्याला निधी लागत नाही, इमारत लागत नाही. गावोगावी निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, सकाळी फिरायला जाणारे ज्येष्ठांचे गट आहेत.

आई आता महिन्यातून एकदा तपासणीला जाते. शेजारच्या उपनगरातील एक साध्या डॉक्टर आहेत. त्या वेळ देतात आणि ती पाळतात. उशीर होणार असला की त्यांच्याकडून फोन येतो. आदल्या रात्री मी आईपाशी वही घेऊन बसतो. ती सांगते, मी लिहितो. मागच्या खेपेस यादी झाल्यावर ती थोडी थांबली आणि म्हणाली, "अजून एक लिही. पण त्यांना वेळ असला तरच सांगू."

ते शेवटचे कलम मी यादीत सर्वांत वर लिहिले.